‘लीव्ह’ म्हणजे सुट्टी नव्हे, बॉस!

कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं आणि सोबत आलं हायकोर्टाचं इंग्लिश. पण हे इंग्लिश फक्त काळ्या कोटवाल्यांपुरतं आहे, असं समजू नका. तुमच्या फ्लॅटच्या करारात, ऑफर लेटरमध्ये आणि मित्राच्या कर्जाच्या फॉर्ममध्ये ते कधीच येऊन बसलंय...

भाऊसिंगजी रोडवरून रोज बाइक दामटणाऱ्यांना सीपीआरसमोरची जुनी कोर्टाची इमारत काही नवी नाही. पण १७ ऑगस्ट २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते इथे मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू झालं आणि या इमारतीचा नूरच पालटला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांच्या केसेस आता इथे चालतात. त्याआधी कित्येक वर्षं एकच रूटीन होतं. बगलेत फाइल, रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी मुंबई आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत! हे थांबावं म्हणून इथल्या वकिलांनी आणि नागरिकांनी चार दशकं आंदोलनं केली.

अंतर मिटलं. भाषेचं काय?

महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. दावा मराठीत, कैफियत मराठीत, साक्ष मराठीत. पण राज्यघटनेचं कलम ३४८ सांगतं की हायकोर्टाचं कामकाज इंग्लिशमध्ये चालणार. राज्यपाल राष्ट्रपतींच्या संमतीनं दुसऱ्या भाषेची मुभा देऊ शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये अशी मुभा हिंदीला मिळालेली आहे, मराठीला नाही. म्हणजे कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात मराठीत लढलेली केस अपिलात जाते तेव्हा शहरातल्या शहरातच तिची भाषा बदलते. त्यामुळे तरुण वकील मंडळींनी इंग्लिश पक्कं करायला घेतलं तर नवल नाही. पण तुम्ही आयटीत असा, बँकेत असा नाहीतर गोकुळ शिरगावच्या कंपनीत. हा अभ्यास थोडा तुम्हीही करायला हवा. कारण सही तुमची असते!

ओळखीचे चेहरे, भलतेच अर्थ

लीगल इंग्लिश म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते जडजंबाल लॅटिन शब्द. ‘सुओ मोटो’ म्हणजे स्वतःहून, ‘साइन डाय’ म्हणजे बेमुदत, ‘प्रायमा फेसी’ म्हणजे सकृद्दर्शनी. आणि ‘एक्स पार्टी’ म्हणजे जुन्या गर्लफ्रेंडनं दिलेली पार्टी नव्हे. समोरच्याच्या गैरहजेरीत झालेला, एकतर्फी हुकूम! हे शब्द अवघड दिसतात म्हणून आपण थांबतो, डिक्शनरी उघडतो. म्हणजे त्यांच्यापासून धोका कमीच.

खरा घोळ घालतात ते साधे शब्द. रोज वापरतो, म्हणून अर्थ माहीत आहे असं वाटतं आणि नजर सरळ पुढे सरकते. आता हेच बघा.

अटॅचमेंट. ऑफिसात ती मेलला जोडतात, कोर्टात घरावर आणतात! अर्थ, जप्ती.

सर्व्हिस. बाइकची नव्हे, नोटिशीची. ‘सर्व्हिस झाली’ म्हणजे नोटीस बजावली गेली.

एक्झिक्युशन. फाशी आठवली ना? दिवाणी कोर्टात याचा अर्थ हुकूमनाम्याची अंमलबजावणी. आणि करारनामा ‘एक्झिक्यूट’ केला म्हणजे सह्या वगैरे करून तो रीतसर पुरा केला.

कन्सिडरेशन. सहानुभूतीनं केलेला विचार नव्हे, चक्क मोबदला. काही अपवाद सोडले तर मोबदल्याशिवायचा करार कायद्यानं टिकतच नाही.

रिलीफ म्हणजे हुश्श नव्हे, कोर्टाकडे मागितलेली दाद. आणि प्रेयर म्हणजे अर्जाच्या शेवटी केलेली नेमकी मागणी.

शॅल. शाळेत शिकलो ‘आय’ आणि ‘वुई’ला ‘शॅल’, भविष्यकाळ! करारात हाच शब्द हुकूम सोडतो. ‘मे’ असेल तर सहसा मर्जीचा मामला, ‘शॅल’ असेल तर सहसा बंधन. दोन क्लॉजमधला एवढाच फरक पुढे लाखात पडू शकतो.

आणि आपला हीरो, लीव्ह. राजारामपुरीत वन बीएचके घेता तेव्हा ‘लीव्ह अँड लायसन्स’वर सही करता. हा ‘लीव्ह’ कॅज्युअल नव्हे की सिकही नव्हे. त्याचा अर्थ परवानगी. मालक तुम्हाला राहायची फक्त परवानगी देतो, घरात हक्क देत नाही. म्हणून त्या कागदावर तुम्ही भाडेकरूही नसता, ‘लायसन्सी’ असता. मुदत संपली की परवानगी संपली. तरीही घर सोडलं नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दरानं पैसे मोजावे लागू शकतात. आणि ‘अकरा महिन्यांचा आहे, रजिस्टर कशाला करायचा?’ हा सल्ला आपल्या राज्यात चालत नाही. याच कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची.

साहेबालाही कळत नव्हतं

मनातून न्यूनगंड काढून टाका. खुद्द इंग्लंडात शेकडो वर्षं कोर्टाची भाषा लोकांना कळत नव्हती! नॉर्मन राजवटीनंतर तिथे दरबारी फ्रेंच आलं आणि दप्तरात लॅटिन राहिलं. लोकांना आपल्याच खटल्यात काय चाललंय ते समजत नाही, म्हणून १३६२ मध्ये तोंडी कामकाज इंग्लिशमध्ये करण्याचा कायदा करावा लागला. कागदावरचं लॅटिन आणि फ्रेंच हटायला १७३३ साल उजाडलं.

दोन-तीन भाषांच्या या संसारातून जोडशब्द जन्मले. ‘विल अँड टेस्टमेंट’ घ्या. ‘विल’ अस्सल इंग्लिश, ‘टेस्टमेंट’ लॅटिनमधून आलेला. दोन्हींचा अर्थ मृत्युपत्र. हसू नका, आपणही तेच केलंय. ‘कागदपत्र’मधला कागद फारसीतून आला, पत्र संस्कृतातून. ‘धनदौलत’चीही तीच गंमत. तेव्हा करारात असे जुळे शब्द दिसले की घाबरायचं नाही. बहुतेक वेळा ते एकच गोष्ट दोनदा सांगत असतात.

गंमत पुढे आहे. इंग्लंडनं १९९९ मध्ये दिवाणी कोर्टाचे नियम नव्यानं लिहिले तेव्हा ‘लीव्ह’ काढून सरळ ‘परमिशन’ केलं, ‘प्लेंटिफ’चा ‘क्लेमंट’ केला, ‘एक्स पार्टी’च्या जागी ‘विदाउट नोटीस’ आणलं. आपण मात्र जुनं सामान जपून ठेवलंय!

सही करण्याआधी...

आता खिशाशी संबंध असलेले तीन कागद.

पहिला, नोकरीचा बाँड. ‘आपल्याकडे असले बाँड चालत नाहीत रे’ असं कँटीनमध्ये कुणीतरी छातीठोक सांगतंच. अर्धसत्य! भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ धंदा-नोकरीवर बंदी घालणारे करार रद्द ठरवतं. त्यामुळे नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाऊच नका, असं ‘नॉन-कंपीट’ कलम सहसा टिकत नाही. पण नोकरी चालू असतानाची बंधनं वेगळी. विजया बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मध्ये असाच बाँड वैध ठरवला. अट होती, तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख भरा. तेव्हा ऑफर लेटरमध्ये ‘लिक्विडेटेड डॅमेजेस’ दिसलं तर थांबा. करार मोडल्यास द्यायची भरपाई आधीच ठरवून टाकली आहे, असा त्याचा अर्थ.

दुसरा, मित्राच्या कर्जाचा. ‘भावा, नुसती सही कर, बाकी मी बघतो!’ कोल्हापुरात या वाक्याला नाही म्हणणं महाकठीण. पण फॉर्मवर ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असतं. ‘सेव्हरल’ म्हणजे अनेक, एवढंच आपल्याला ठाऊक. इथे ‘सेव्हरली’ म्हणजे वेगवेगळं, एकेकट्यानं. म्हणजे सगळं कर्ज बँक एकट्या तुमच्याकडूनही वसूल करू शकते. करार कायद्याचं कलम १२८ तर म्हणतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. ‘आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या’ असं तुम्ही बँकेला सहसा सांगू शकत नाही. दोस्ती निभवा जरूर, पण किती रकमेची निभवतोय ते वाचून!

तिसरा, फ्लॅटचा. ‘अ‍ॅग्रीमेंट टू सेल’ आणि ‘सेल डीड’ कानाला सारखेच वाटतात. पण पहिलं म्हणजे साठेखत आणि दुसरं म्हणजे खरेदीखत. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ नुसार नुसत्या साठेखतानं मालमत्तेत हक्क तयार होत नाही. तो होतो खरेदीखतानं. पैसे भरले, किल्ली मिळाली, वास्तुशांतीचं जेवणही झालं आणि कपाटात मात्र फक्त साठेखत, अशी अवस्था नको.

घरचं मैदान आपलंच

आता नीट बघा. ‘अ‍ॅग्रीमेंट टू सेल’ला तुम्ही अडखळलात, पण साठेखत म्हटल्यावर ट्यूब पेटली ना? हीच आपली ताकद. आजोबांच्या ट्रंकेतले कागद आठवा. गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, कुलमुखत्यारपत्र. हे शब्द बांधावरच्या भांडणात आणि घरातल्या वाटणीत आपण लहानपणापासून ऐकलेत. लीगल इंग्लिश शिकायचं तर इंग्लिशमधून इंग्लिश घोकण्यापेक्षा या शब्दांवर नवा शब्द टांगा. मॉर्गेज डीड म्हणजे गहाणखत, गिफ्ट डीड म्हणजे बक्षीसपत्र, रिलीज डीड म्हणजे हक्कसोडपत्र, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी म्हणजे मुखत्यारपत्र. इन्जंक्शन? मनाई हुकूम. क्रॉस-एक्झामिनेशन? उलटतपासणी. रिटन स्टेटमेंट? कैफियत. अर्थ आधीच घरात आहे, फक्त पाटी बदलायची.

आणि ही देवाणघेवाण एकतर्फी नाही बरं का! आपल्याकडच्या कोर्टांचे इंग्लिश निकाल उघडा. पंचनामा, मुद्देमाल, रोजनामा, वकालतनामा हे शब्द तिथे जसेच्या तसे सापडतील. पक्षकार कोर्टात छोटं लेखी निवेदन देतो, ती ‘पुरसीस’सुद्धा इंग्लिश लिपीत ऐटीत बसलेली असते. लंडनचा बॅरिस्टर तिथे डोकं खाजवेल, आपला शहाजी लॉ कॉलेजचा पोरगा नाही!

सुरुवात कुठून कराल?

– शब्दांच्या याद्या पाठ करू नका. स्वतःचा एक करार घ्या, आठवड्याला एक पान वाचा. पैसा आपला असला की शब्द आपोआप लक्षात राहतो.

– ‘डेफिनिशन्स’चं पान आधी वाचा. करारात मोठ्या अक्षरानं सुरू होणाऱ्या शब्दाचा अर्थ डिक्शनरीत नव्हे, तिथे असतो.

– जोड्या ओळखा. शेवटी ‘ऑर’ असेल तो देणारा, ‘ई’ असेल तो घेणारा. लायसन्सर घरमालक, लायसन्सी तुम्ही. फक्त होम लोनमध्ये गंडू नका. गहाण तुम्ही देता, म्हणून मॉर्गेजर तुम्ही आणि मॉर्गेजी बँक!

– राज्याच्या भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ हाताशी ठेवा. सुप्रीम कोर्टाच्या वेबसाइटवर निवडक निकालांचे मराठी अनुवाद आहेत. मूळ निकाल आणि अनुवाद शेजारी ठेवून वाचा, यापेक्षा स्वस्त क्लास नाही.

– शब्द कळला म्हणजे कायदा कळला असं नव्हे. मोठ्या व्यवहारात वकिलाला विचाराच. पण अर्थ माहीत असला, की काय विचारायचं ते तरी कळतं.

बाकी, पुढच्या वेळी कुणी कागद पुढे सरकवून ‘काही नाही हो, स्टँडर्ड फॉर्मॅट आहे, इथे-इथे सही करा’ म्हणालं, की पेनाचं टोपण लगेच उघडू नका. चहा मागवा, खुर्ची पुढे ओढा आणि पहिल्या पानापासून वाचायला घ्या. समोरचा घड्याळाकडे बघेल. बघू दे!