एक शहर, पांच पंचांगें

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. चतुर्थी, एकादशी, प्रदोष यांच्या शेजारीं मोहरम, पतेती, नाताळ हींही नांवें तिच्यांत छापलेलीं असतात. तीं वाचून त्या दिवशीं कचेरीला सुटी आहे कीं नाहीं, एवढाच विचार आपल्या मनांत येतो. हा सण कोणाचा, तो यंदां याच तारखेस कां आला, पुण्यांत तो कोठें पाळला जातो, असे प्रश्न मुलांनीं विचारले म्हणजे वडील मंडळी वर्तमानपत्रांत डोकें खुपसतात. वास्तविक हे प्रश्न मोठे मनोरंजक आहेत. आणि त्यांचीं उत्तरें शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं.

लक्ष्मी रस्ता टिळक चौकाजवळ सुरू होतो व पूर्वेस क्वार्टर गेटापाशीं संपतो. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत ज्यांचा जन्म गेला त्यांना त्याचा पश्चिमेकडील भाग तोंडपाठ असतो. पूर्वेकडील भागाची ओळख मात्र लग्नसराईच्या खरेदीपुरतीच असते. परंतु पुण्याचें बहुरंगी रूप पाहावयाचें तर त्या पूर्वेच्या अंगासच गेलें पाहिजे. आषाढीच्या वारींत तुकोबांची पालखी नाना पेठेंत निवडुंग्या विठोबाच्या देवळांत उतरते आणि ज्ञानोबांची भवानी पेठेंत पालखी विठोबाच्या देवळांत. त्याच नाना पेठेंत पारशांची अग्यारी आहे. क्वार्टर गेटाजवळचें रोमन कॅथॉलिक देऊळ ज्या जागेवर आहे, ती जागा सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, १७९२ सालीं, पेशव्यांच्या फौजेंतील गोमंतकीय ख्रिस्ती शिपायांसाठीं देण्यांत आली. थोडें उत्तरेस वळलें कीं रास्ता पेठ लागते. तेथें बेने इस्रायल लोकांचें १९२१ सालचें 'सुक्काथ शेलोमो' हें प्रार्थनामंदिर आहे. त्याच्याही पलीकडे लष्कर, म्हणजे इंग्रजांची छावणी, आणि तींत डेव्हिड ससून यांच्या दानांतून उभें राहिलेलें, १८६७ मध्यें पुरें झालेलें, लाल विटांचें उंच मनोऱ्याचें 'ओहेल डेव्हिड'. पुणेकरांनीं त्याला 'लाल देऊळ' असें साधें नांव देऊन टाकलें आहे.

एवढ्याशा टापूंत पांच पंचांगें चालतात. त्यांत सर्वांत सोपें ख्रिस्ती लोकांचें. तें केवळ सूर्याचें असल्यामुळें नाताळ दरवर्षीं २५ डिसेंबरला येतो. ईस्टर मात्र वसंतांतल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारीं येत असल्यामुळें चंद्राला अगदींच फांटा मिळालेला नाहीं. ('नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आपल्याकडे आला. इंग्रजांचें राज्य दीडशें वर्षें राहिलें, तरी त्यांचा 'ख्रिसमस' मराठीच्या तोंडांतून हा शब्द काढूं शकला नाहीं.)

पारशांचें पंचांग त्याच्या उलट चमत्कारिक. त्यांचें वर्ष बरोबर ३६५ दिवसांचें. वर्षाचा जो पाव दिवस उरतो तो ते धरीत नाहींत. म्हणून दर चार वर्षांनीं त्यांचा नववर्षदिन एक दिवस मागें सरतो. इराणांत नवरोज वसंतसंपातास होतो. पण आपल्याकडील शहेनशाही पारशांचा तो सरत सरत ऑगस्टच्या मध्यावर, ऐन श्रावणाच्या सुमारास, येऊन ठेपला आहे. त्या दिवशीं आपण पारशी शेजाऱ्यास 'पतेती मुबारक' म्हणतों, आणि तोही सौजन्यानें हंसून आभार मानतो. खरें पाहतां पतेती म्हणजे सरत्या वर्षाचा शेवटचा, पापांचा पश्चात्ताप करण्याचा दिवस. आनंदाचा दिवस दुसरा. तेव्हां ही शुभेच्छा थोडीशी एकादशीच्या दिवशीं पुरणपोळीचें आमंत्रण देण्यासारखी आहे.

मुसलमानांचें पंचांग केवळ चंद्राचें. बारा चांद्रमासांचे दिवस होतात सुमारें ३५४. अधिक महिना घालावयाचा नाहीं असा नियम असल्यामुळें त्यांचा प्रत्येक सण दरवर्षीं जवळ जवळ अकरा दिवस अगोदर येतो, आणि सुमारें तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून पूर्वस्थळीं येतो. याचा परिणाम असा कीं, एका पिढींतून एकदां मोहरम व गणेशोत्सव एकमेकांस गांठतात. २०१८, २०१९ आणि २०२० अशीं लागोपाठ तीन वर्षें हा योग आला होता. २०१९ सालीं मोहरमची दहावी तारीख १० सप्टेंबरास पडली आणि अनंत चतुर्दशी १२ सप्टेंबरास.

या योगाला पुण्यांत एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकांत पुण्याच्या मोहरमांत हिंदु मोठ्या संख्येनें भाग घेत, ताबुतांना नवस बोलत, मिरवणुकींत सोंगें घेऊन नाचत. लक्ष्मी रस्त्यावरील गुरुजी तालमीचा गणपति, जो आज मानाचा तिसरा, त्याची स्थापना १८८७ सालीं हिंदु व मुसलमान मंडळींनीं मिळून केली असें सांगतात. पुढें १८९३ च्या ऑगस्टांत मुंबईस भयंकर दंगा झाला. पुढील वर्षीं पुण्यासही चकमक उडाली. त्यानंतर बहुतेक हिंदु ताबुतांपासून दूर झाले आणि सार्वजनिक गणेशोत्सव लोकमान्यांच्या पाठबळानें भरभराटीस आला. गणेशोत्सवानें महाराष्ट्राला काय दिलें हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु त्या लाभाबरोबर एक जुनी शेजारधर्माची चाल गेली, तिची खंत वाटून घेण्यास हरकत नसावी, असें आमचें मत आहे.

दोन मिरवणुका एका दिवशीं आल्या म्हणजे काय करावयाचें, हा प्रश्न त्या तेहतीस वर्षांच्या फेऱ्यामुळें पुनः पुनः उभा राहणारच. २०२३ सालीं अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद या दोन्ही २८ सप्टेंबरासच आल्या. तेव्हां मुंबई-पुण्यासह अनेक ठिकाणच्या मुसलमान मंडळींनीं आपण होऊन जुलूस पुढें ढकलला, आणि सरकारनेंही ईदची सुटी २९ तारखेस नेली. विसर्जनाची गर्दी ज्यांनीं पाहिली आहे त्यांना या समजूतदारपणाची किंमत कळेल. वर्तमानपत्रांत तिला दोन ओळी मिळाल्या. दंगा झाला असता तर चार पानें मिळालीं असतीं.

आतां ज्यांच्याविषयीं आमच्या वाचकांस सर्वांत कमी माहिती असेल, आणि ज्यांचें पंचांग आपल्याशीं सर्वांत जवळचें, त्या बेने इस्रायल लोकांकडे वळूं. हे यहुदी, पण यांची मातृभाषा मराठी. अलिबागेजवळ नौगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. कोंकणांत ते तेल गाळण्याचा धंदा करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणूं लागले. आडनांवें गांवांवरून पडलीं: केहिमकर, पेणकर, दिवेकर. इंग्रजी अमलांत हे लोक पलटणींत शिरले, आणि त्या निमित्तानें पुण्यास आले.

यहुद्यांचें पंचांग आपल्यासारखेंच चांद्रसौर. महिने चंद्राचे, आणि ऋतूंशीं मेळ राहावा म्हणून एकोणीस वर्षांत सात अधिक महिने. फरक इतकाच कीं, आपला अधिक मास सूर्यसंक्रांतीच्या हिशेबानें निरनिराळ्या महिन्यांत येतो. त्यांच्यांत मात्र नेहमीं अदार महिनाच दुप्पट होतो. म्हणून त्यांचे सण आपल्या सणांच्या हातांत हात घालून चालतात. त्यांचा पुरीम येतो अदाराच्या पौर्णिमेस, म्हणजे बहुधा आपल्या होळीस. वल्हांडण येतें चैत्री पौर्णिमेस. २०२५ सालीं हनुमानजयंति आणि वल्हांडणाची पहिली रात्र या दोन्ही १२ एप्रिललाच होत्या. नवें वर्ष लागतें घटस्थापनेच्या आगेमागें, आणि त्यापासून दहावा दिवस म्हणजे प्रायश्चित्ताचा कडक उपवास, योम किप्पुर. २०२२, २०२४ आणि २०२५ या तिन्ही सालीं हा दिवस व आपला दसरा एकाच तारखेस आले. २०२३ सालीं मात्र आपल्याकडे अधिक श्रावण पडला व त्यांचा अधिक अदार पुढील फेब्रुवारींत आला. तेवढ्यानें त्यांचा उपवास २५ सप्टेंबरास व दसरा २४ ऑक्टोबरास, अशी जवळ जवळ एका महिन्याची फारकत झाली. पुढल्या वर्षीं दोघे पुनः एकत्र.

पण आम्हांला या गणितापेक्षां अधिक मोहक वाटतात तीं त्या सणांचीं जुनीं नांवें. शतकानुशतकें इतर यहुद्यांशीं संबंध तुटलेला, हिब्रू ग्रंथ जवळ नाहींत, अशा स्थितींत या लोकांनीं सण तेवढे जतन केले; आणि त्यांना नांवें दिलीं तीं आपल्या घरांतल्या मराठींत. नव्या वर्षाचा तो 'नव्याचा सण'. त्याच पंधरवड्यांत नव्या धान्याची खीर करावयाची तो 'खिरीचा सण'. पुरीम तो सरळ 'होळीचा सण'. श्रावणांत, यरुशलेमचें मंदिर उद्ध्वस्त झालें त्या दुःखाच्या दिवशीं, उपवास सोडतांना सोललेल्या वालांचें बिरडें खावयाचें, म्हणून तो 'बिरड्याचा सण'. कोंकणांतल्या कोणत्याही गृहिणीला यांतला एकही शब्द समजावून सांगावा लागणार नाहीं. शेजाऱ्यांकडून घेतांना त्यांनीं जातपात पाहिली नाहीं. एका महिन्याच्या उपवासांना ते 'रमजान' म्हणत!

वल्हांडणाच्या दिवसांत आंबवलेलें कांहीं खावयाचें नाहीं हा यहुदी धर्माचा मोठा नियम. त्यामागची मिसर देशाची कथा विस्मृतींत गेली, तरी आंबट पदार्थाची बरणी आठ दिवस झांकून ठेवावयाची एवढें बायकांनीं लक्षांत ठेवलें, आणि त्या सणाचें नांव पडलें 'अनाशी ढाकायचा सण'. अनास म्हणजे तें आंबट कालवण ठेवण्याचें भांडें. एका समाजाचा धर्म कित्येक शतकें बरणीच्या झांकणाखालीं सुरक्षित राहिला, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

योम किप्पुराचें नांव होतें 'दरफाळणीचा सण', दारें लावून घेण्याचा. त्या दिवशीं सर्वांनीं शुभ्र वस्त्रें नेसावयाचीं, अन्नपाणी वर्ज्य करावयाचें, घराचीं दारें बंद ठेवून परक्याशीं संबंध ठेवावयाचा नाहीं. आदल्या दिवशीं मृत पूर्वज घरीं येतात व दुसऱ्या दिवशीं, 'शिळ्या सणाला', परत जातात अशी जुनी समजूत होती. त्या दिवशीं भिकाऱ्यांना अन्न वाटीत. पितृपंधरवडा नुकताच आटोपलेल्या आपल्या घरांना ही कल्पना परकी वाटूं नये. आणि पुण्यांतलें दृश्य मनांत आणावें: ज्या दिवशीं शेजारच्या घरीं झेंडूचें तोरण दाराला लागतें, त्याच दिवशीं रास्ता पेठेंतल्या या घरांचें दार लागलेलें!

पुढें विद्या आली. कोचीनच्या यहुद्यांकडून धर्मशिक्षण मिळालें, मुंबईस जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें मराठींतून हिब्रूचें व्याकरण लिहिलें, जुना करार मराठींत छापून आला. १८७४ सालीं पुण्यासच वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची पोथी, 'हग्गादा', हिब्रू व मराठी अशी सचित्र छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडील वेषांत बसलेल्या दिसतात. १८८० च्या सुमारास तर या लोकांनीं हरिदासी पद्धतीचीं कीर्तनेंही सुरू केलीं. पूर्वरंग, आख्यान, टाळ सर्व आपलें, आणि कथा अब्राहामाची. परंतु ग्रंथ हातीं आल्याबरोबर जुनीं नांवें लाजून मागें सरलीं. 'दरफाळणी'चें 'योम किप्पुर' झालें, 'अनाशी'चा 'पेसाख'. शुद्धीकरण म्हणून तें योग्यच होतें. पण आपल्याही घरांत शास्त्रोक्त विधि आला म्हणजे आजीची एखादी चाल अशीच मुकाट्यानें बाहेर जाते.

आज तीं नांवें जाणणारीं माणसेंच थोडीं उरलीं आहेत. १९४८ सालीं इस्रायलचें राष्ट्र झालें आणि पुढच्या दोन-तीन दशकांत या समाजाचा मोठा भाग तिकडे गेला. सर्व भारतांत मिळून यहुदी आतां पांच हजारांच्या आसपास. सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष जमले पाहिजेत असा त्यांचा दंडक. आपल्या लहानशा वाड्यांतल्या आरतीला जितके जमतात तितकेच. पण लहान समाजांत सणाच्या दिवशीं तेवढे भरले कीं नाहींत हें मोजून पाहावें लागतें. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें त्यांना अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली. तिनें दहाव्या माणसाचा प्रश्न सुटत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घराण्याचा अशा कुटुंबाशीं जुना घरोबा असेल, त्यांनीं त्या घरांतील वृद्ध बायकांना हीं नांवें विचारून, त्या सांगतील तशीं पाककृतींसह टिपून ठेवावीं. बिरडें दोन्ही घरीं सारखेंच असलें तरी फोडणी निराळी असते.

गेले ते मात्र मराठी विसरले नाहींत. इस्रायलांत त्यांचें 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक निघालें. नवस फिटला, लग्न ठरलें, प्रवासाहून माणूस सुखरूप परतला, म्हणजे एलियाहू हन्नबी या प्रवाशाच्या कैवाऱ्या संदेष्ट्याच्या नांवें 'मलिदा' करण्याची या समाजाची खास चाल आहे. जगांतल्या इतर यहुद्यांना ती ठाऊक नाहीं. ती चाल तिकडेही चालू आहे, आणि फळांबरोबर ताटांत मध्यभागीं असतात ते गूळखोबरें घातलेले पोहेच.