सुरुंगवाल्याचा दाखला

दहा होल भरले, वाती पेटवल्या, बार मोजले तर नऊच उडाले. आता काय करशील?

खाणीत सुरुंग लावण्याचा दाखला मागणाऱ्याला हमखास विचारावा असा हा प्रश्न. उत्तर एका दमात देता येते. वातीचा बार असेल तर निदान अर्धा तास कुणाला तिकडे फिरकू द्यायचे नाही. राहिलेल्या होलाला हात लावायचा नाही, उकरायचे तर अजिबात नाही. शेजारी, कुठेही तीस सेंटिमीटरपेक्षा जवळ येणार नाही असे दुसरे होल मारायचे आणि त्याच्या धक्क्याने अडकलेला बार काढायचा. धातुखाणींसाठीच्या १९६१ च्या विनियमांत हे लिहून ठेवले आहे. नावात धातू असला तरी आपल्या दगडखाणीही त्यातच मोडतात.

पण उत्तर पाठ असणे वेगळे, आणि खाली डंपरची रांग लागलेली, वर क्रशरवाल्याचा फोनवर फोन येत असताना अर्धा तास जागेवर बसून राहणे वेगळे. खाणीतल्या माणसाची कुवत जोखायची तर ही दुसरी गोष्ट जोखायला हवी. आपली व्यवस्था बहुतेक वेळा पहिलीवरच थांबते.

व्यवस्था जुनी आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाचे मूळ १९०२ सालचे, मुख्यालय धनबादला. व्यवस्थापक, सर्वेक्षक, फोरमन, मेट आणि ब्लास्टर अशी त्यांच्या दाखल्यांची उतरंड. ब्लास्टर सर्वांत खालच्या पायऱ्यांवरचा, पण चुकला तर सर्वांत आधी जीव जातो तो त्याच्याच हाताने. अनुभवाचा पुरावा, डॉक्टरचा शेरा, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आणि मग तोंडी परीक्षा, असा त्याचा रस्ता. शिवाय १९६६ च्या नियमांनुसार खाणीत नवा आलेला कुणीही आधी प्रशिक्षण घेतल्याशिवाय कामाला लावायचा नसतो.

हे सगळे लागू कुठे होते? १९५२ च्या खाण कायद्याने (तो आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला आहे) मुरूम, जांभा, बांधकामाचा दगड, खडी अशा मालाच्या छोट्या उघड्या खाणींना मोठी सूट दिली. अटी तीन: खोली कुठेही सहा मीटरपेक्षा जास्त नको, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसे नकोत, आणि स्फोटके वापरायची नाहीत. कोकणातल्या उथळ चिरेखाणी या फटीतून सहज बाहेर पडतात. तिथे सुरुंग नसतो, यंत्राच्या पात्याने चिरा कापला जातो. पण पाते बोटे ओळखत नाही, आणि ते चालवणाऱ्याची परीक्षा कुणी घेतलेली नसते. काळ्या फत्तराच्या खाणीला मात्र सुटका नाही. एक कांडी भरली की सगळे नियम लागू.

ती कांडी भरताना पाहावे. जाणता ब्लास्टर आधी होलात लाकडी दांडा घालतो. खोली बघतो, पाणी साचले आहे का, भुगा राहिला आहे का ते हाताला कळते. मग कांडी त्याच दांड्याने अलगद सारतो. लोखंडी पहार जवळसुद्धा आणत नाही. वर माती ठासतो, आणि ठासणीत कसर करत नाही, कारण ती ढिली राहिली की जोर दगड फोडण्याऐवजी वर निघून जातो आणि धोंडे शेतापर्यंत उडतात. जुन्या बाराचे बूड शिल्लक असेल तर त्यात पुन्हा ड्रिल घालू देत नाही. तळाला न उडालेली दारू असू शकते. होल कुठे मारायचे हेही तो दगडाची शीर बघून ठरवतो. ही नजर वडार घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. घणाचा आवाज ऐकून दगड पोकळ की भरीव हे सांगणारी माणसे आजही भेटतील. त्यांच्यापाशी कागद नाही, एवढेच.

ब्रिटनने हा गुंता वेगळ्या टोकाकडून सोडवायला घेतला. तिथे खाणवाल्यांची व्यावसायिक संस्था १९१७ मध्येच वेल्समधल्या कार्नार्वन गावी निघाली होती. १९८६ नंतर एनव्हीक्यू ही व्यावसायिक पात्रता आली. तिच्यात पेपर नाही. मूल्यमापक खाणीत येतो, नेहमीच्या पाळीत काम करताना माणसाला बघतो, मध्येच विचारतो, ‘हे असेच का केलेस?’ वरिष्ठांची साक्ष, कामाच्या नोंदी, फोटो यांची फाइल होते. ‘नापास’ असा शेरा मिळत नाही, ‘अजून सक्षम नाही’ एवढाच मिळतो. १९९९ च्या तिथल्या खाण विनियमांनी सक्षम माणसाची व्याख्या करताना प्रशिक्षण, अनुभव, ज्ञान यांच्या जोडीला ‘इतर गुण’ही धरले. अर्धा तास बसून राहण्याची धमक बहुधा याच खान्यात पडते. अर्थात फाइल आली की फाइल फुगवणारेही आलेच. तपासनीस येणार त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट असते, हे काही फक्त आपल्याकडेच घडत नाही.

आपल्याकडे २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर झाला, खाण क्षेत्राची कौशल्य परिषद निघाली, आणि आधीपासून काम येणाऱ्याला जोखून प्रमाणपत्र देण्याची सोयही झाली. अनुभवी कारागिरासाठी ही उत्तम कल्पना. पण कौशल्याचे प्रमाणपत्र म्हणजे सुरुंगाचा परवाना नव्हे. खाणीत बार उडवायला वैधानिक दाखलाच लागतो. दोन खिडक्यांवर दोनदा रांग लावण्याऐवजी एकाच जाणत्या परीक्षकाने खाणीतच दोन तास उभे राहून माणूस पाहावा, आणि शिकलेला नसेल तर त्याचे उत्तर त्याच्या बोलीत ऐकावे. मला हाच एक धड मार्ग दिसतो.

तोवर एक काम वाचकांच्याही हातात आहे. खाणीबाहेर, म्हणजे शेतात विहीर फोडायला ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर येतो, तेव्हा बार लावणाऱ्याकडे स्फोटक नियमांखालचा शॉट फायररचा परवाना असायला हवा. तो परवाना देणारे खाते पेसो, त्याचे मुख्यालय नागपूरला आहे. पहिले होल मारण्याआधी तो कागद मागून बघा, आणि नसेल तर कॉम्प्रेसर परत पाठवा.