स्थानबद्धता : कायदा आणि कालक्रम

- व्याख्या : घडलेल्या गुन्ह्याबद्दल न्यायालय सुनावते ती शिक्षा, भावी कृत्यास अटकाव व्हावा म्हणून सरकार खटल्यावाचून कैदेत ठेवते ती प्रतिबंधक स्थानबद्धता.
- पूर्वपीठिका : बंगालचे 1818 चे तिसरे व मुंबई इलाख्याचे 1827 चे पंचविसावे रेग्युलेशन. दुसऱ्याच्या आधारे 1897 मध्ये, प्लेगच्या धामधुमीत, पुण्याचे सरदार नातू बंधू विनाचौकशी कैदेत पडले.
- राज्यघटना, अनुच्छेद 22 : सामान्य अटकेत आरोपीस, प्रवासाचा वेळ वगळून, 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे बंधनकारक, स्थानबद्धास हे संरक्षण नाही, मात्र तीन महिन्यांपुढील कैदेस सल्लागार मंडळाचा अनुकूल अभिप्राय सामान्यतः आवश्यक.
- मिसा (अंतर्गत सुरक्षा राखण्याचा कायदा, प्रतिबंधक स्थानबद्धतेची तरतूद असलेला) : 1971 मध्ये संमत, 1978 मध्ये रद्द.
- आणीबाणी : 25 जून 1975 ते 21 मार्च 1977.
- हेबियस कॉर्पस (बंदी प्रत्यक्षीकरण) खटला, सर्वोच्च न्यायालय, 28 एप्रिल 1976 : आणीबाणीत अनुच्छेद 21 (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) च्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क तहकूब असता स्थानबद्धास आपल्या कैदेच्या कायदेशीरपणास आव्हान देता येत नाही, असा चार विरुद्ध एक मतांनी निवाडा, भिन्न मत न्या. हंसराज खन्ना यांचे. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडून हा निवाडा रद्दबातल.
- 44 वी घटनादुरुस्ती, 1978 : आणीबाणी पुकारण्याच्या ‘अंतर्गत अशांतता’ या कारणाच्या जागी ‘सशस्त्र बंड’, आणीबाणीतही अनुच्छेद 20 (अपराधाच्या दोषसिद्धीबाबत संरक्षण) व 21 अबाधित.