कर्ण वीस इंच

रंधा पुन्हा अडकतो. वाइसमध्ये सागाची पट्टी आवळलेली आहे. तिच्यावर ओणवा झालेला नववीतला मुलगा सगळा जोर लावतो आहे, पण पातं पुढे सरकायचं सोडून लाकडात रुतून बसतं. पट्टीवर ओरखडे उठले आहेत. मागे उभे असलेले सुतारकाका त्याच्या हातातून रंधा काढून घेत नाहीत. "पट्टी फिरवून लाव," एवढंच म्हणतात.

मुलगा वाइस सैल करतो, पट्टीची टोकं अदलाबदल करून पुन्हा आवळतो. आता रंधा एका दमात शेवटपर्यंत जातो आणि त्याच्या तोंडातून पातळ, लांब छिलका वळत बाहेर पडतो. मुलगा थबकतो. पट्टीच्या कडेला डोळा लावून बघतो. लाकडाच्या रेघा तिरक्या वर चढत गेल्या आहेत, आणि मघाशी तो त्यांच्या उलट्या बाजूनं रंधत होता. "कळलं," तो स्वतःशीच म्हणतो, आणि कामाला लागतो.

शेडमध्ये सागाचा वास पसरतो आहे. हे लाकूड गावातल्या पाडलेल्या जुन्या घराच्या तुळईचं आहे, मालकानं शाळेला दिलेलं. वरून काळं, धुरकट, खिळ्यांच्या भोकांनी भरलेलं. रंध्याचे चार हात फिरले की आतून पिवळसर तपकिरी, तेलकट चमक वर येते. काका प्रत्येक तुकड्यावर आधी तळहात फिरवतात, मग लोहचुंबक. आत तुटलेला खिळा राहिला असेल तर रंध्याच्या पात्याला खांडा पडतो, आणि ते पातं निसण्यावर पुन्हा धरायला अर्धा तास जातो.

पुणे जिल्ह्यातल्या एका गावची ही माध्यमिक शाळा. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय असतो. एक गट इथे लाकडावर आणि लोखंडावर, दुसरा रोपवाटिकेत, तिसरा स्वयंपाक आणि आरोग्याच्या खोलीत, चौथा वीज आणि ऊर्जेच्या कामावर. या अभ्यासक्रमाचं मूळ याच जिल्ह्यातल्या पाबळचं. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. मुलं काम करता करता शिकतात आणि ते काम गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून मुलं आज जे स्टूल करताहेत ते नुसतं वहीतलं नाही. आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांनी ते मागितलं आहे. तपासणीच्या टेबलावर चढताना म्हाताऱ्या माणसांना पाय ठेवायला पायरी लागते. उंची नऊ इंच, लांबी सोळा, रुंदी बारा.

"डुगडुगलं तर म्हातारी पडंल," काका सकाळीच सांगून ठेवतात. दिवसभरात त्यांनी केलेलं भाषण म्हणावं तर एवढंच.

दुसऱ्या बाकावर एक मुलगी पायाच्या तुकड्यावर आखणी करते आहे. वेणी तिनं ओढणीसकट पाठीमागे खोचली आहे. गुण्या कडेला घट्ट दाबून ती टोकदार पेन्सिलीनं रेघ मारते, तुकडा फिरवते, पुन्हा मारते. चारही बाजूंनी फिरून आलेली रेघ जिथून निघाली तिथेच मिळायला हवी. मिळत नाही. अगदी केसभर चुकते.

"गुण्या चुकतोय का, काका?"

"गुण्या नाय चुकत. बूड कुठलं धरलं?"

ती तुकड्याकडे पाहते. रंधून सरळ केलेल्या पहिल्या दोन बाजूंवर पेन्सिलीची खूण आहे. सगळी मापं त्या दोन बाजूंनाच गुण्या टेकवून घ्यायची. तिनं तिसऱ्या वेळी न खूण केलेली बाजू धरली होती. ती जुनी रेघ खोडते. खोडरबर लाकडावर नीट चालत नाही, म्हणून रंध्याचा एक हलका हात मारते आणि नव्यानं आखते. या वेळी रेघ मिळते.

आता कुसू. आडवी पट्टी पायात बसते ती या कुसवानं. वहीत त्याला 'टेनन' लिहिलं आहे. कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी ठेवायची. फार जाड केलं तर पायातली खाच मोठी होऊन पाय दुबळा होतो, फार बारीक केलं तर कुसूच मोडतं. पट्टी 24 मिलिमीटरची. मुलगी म्हणते, "आठ मिलिमीटर." काका म्हणतात, "अडीच सूत." क्षणभर दोघंही एकमेकांकडे बघतात. मग ती वहीच्या मागच्या पानावर मांडते: एक इंच म्हणजे आठ सूत, एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, म्हणून एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरांहून किंचित जास्त. अडीच सूत म्हणजे 7.9. "बरोबर आहे की हो!" ती म्हणते. काका हसतात. त्यांनी पट्टीला फूटपट्टी लावलीच नव्हती, नुसतं बोटांत धरून पाहिलं होतं.

गणिताच्या तासाला ही मुलगी मागच्या बाकावर बसते, असं शेजारी उभे असलेले विज्ञानाचे सर मला सांगतात. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही, पण फार वाईट वाटतं. आपल्याकडे त्रैराशिक शिकवताना हातात तुकडा देत नाहीत.

करवत रेघेवर नाही, रेघेच्या बाहेरून चालवायची. करवतीचे दात आळीपाळीनं डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, त्यामुळे ती स्वतःच्या पात्यापेक्षा रुंद फट पाडते. तेवढं लाकूड भुसा होऊन जातं. ते टाकायच्या भागातून गेलं पाहिजे. मुलगी अंगठ्याचं नख रेघेशी टेकवते, करवत त्याला लावून दोनदा उलटी ओढते, खाच पडल्यावर अंगठा काढून घेते. तिचा श्वास करवतीबरोबर चालतो.

काकांचे वडील या गावचे सुतार होते. बारा बलुतेदारांपैकी एक. पेरणीआधी नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करून द्यायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य घ्यायचं. बाभळीचं लाकूड, वाकसानं तासलेलं. "बाभळ चिवट," काका म्हणतात, "पन रंध्याला लई छळती." ट्रॅक्टर आले, लोखंडी अवजारं आली, नांगराचं काम गेलं. आता ते दारं-खिडक्या आणि प्लायवुडची कपाटं करतात, आणि गुरुवारी शाळेत येतात. त्यांनी हे सगळं पडवीत वडिलांच्या समोर बसून उचललं. त्यांच्या बहिणी त्याच पडवीत वाढल्या. "त्यांनी रंधा धरला न्हाई कदी. आबांनी हातच लावू दिला नसता."

हे बोलताना ते त्या मुलीच्या करवतीकडे पाहत असतात. मीही पाहतो. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीच्या घरात, बापाकडून मुलाकडे गेलेलं हे कसब आज पत्र्याच्या शेडमध्ये ज्याच्या त्याच्या हातात पडतं आहे. कुणाच्या घरी शेती आहे, कुणाचे वडील एसटीत आहेत, कुणाची आई कांद्याच्या चाळीवर जाते. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हापासून आपण हाताच्या कामाला शाळेत जागा देण्याबद्दल बोलतो आहोत. तरी आजही पालकसभेत एखादा बाप उठतो आणि विचारतो, पोराला सुतार करायचंय का? त्याच्या रागामागचा अपमान मला कळतो. लाकूडकाम करणाऱ्याला आपण जे दिलं, ते त्यानं पाहिलेलं आहे. पण म्हणून पोराच्या हातून पटाशी काढून घेणं हा त्यावरचा इलाज नाही, आणि हे त्या बापाला पटेपर्यंत सांगायला हवं.

जेवणाच्या सुट्टीनंतर जुळणी. पायांमध्ये खाचा पटाशीनं पाडून झाल्या आहेत. काकांचा एकच नियम सगळ्यांच्या अंगी बाणलेला दिसतो: दोन्ही हात पात्याच्या मागे. कुसू खाचेत आधी कोरडंच बसवून पाहतात. एक फार घट्ट जातं, त्याच्या गालावरून पटाशी एकदा हलकेच फिरते. एक सैल आहे. मुलगा विचारतो, फेविकॉल जास्त लावू का? काका मान हलवतात आणि छिलक्यांच्या ढिगातून एक पातळ छिलका उचलून त्याला देतात. तो कुसवाला चिकटवायचा, मग बसवायचं.

फेविकॉल लागतो, लाकडी हातोडीचे ठोके पडतात, चौकट उभी राहते. दिसायला सुरेख आहे. "कर्ण मोजा," काका म्हणतात.

टेप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली जाते. वीस इंच दोन सूत. दुसरा कर्ण: एकोणीस इंच सहा सूत. मुलं गप्प. सोळा आणि बारा. म्हणजे तीन-चार-पाचाचाच त्रिकोण, चौपट मोठा. कर्ण वीसच यायला हवा, दोन्हीकडे. बाजू बरोबर आहेत आणि तरीही चौकट तिरकी आहे. फेविकॉल सुकायच्या आत हे निस्तरायला हवं. मुलगी लांब कर्णाच्या दोन टोकांवर तळहात ठेवते, समोरून मुलगा. "दाब." टेप. वीस एक. "अजून." वीस. दुसरा कर्ण: वीस. कुणीतरी ओरडतं. दोरीचा फास घालून, त्यात काठी पिळून चौकट तशीच आवळून ठेवतात.

उरलेल्या वेळात हिशेब. लाकडाचं आकारमान मांडलं जातं: पाय, पट्ट्या, वरची फळी मिळून 376 घनइंच. एका घनफुटात 1728 घनइंच, म्हणजे पाव घनफुटाच्या थोडं आत. तुळई फुकट मिळालेली, तर लाकडाचे पैसे लावायचे का, यावर वाद होतो. सर म्हणतात, वखारीत विचारा आणि जुन्या सागाचा भाव लावा. फुकट मिळालं म्हणून त्याची किंमत नाहीशी होत नाही. फेविकॉल, पॉलिश पेपर, पॉलिश. मग मुलगा 'मजुरी' या रकान्यात शून्य लिहितो.

काका इतका वेळ अवजारं पुसत असतात. ते येऊन वहीत डोकावतात.

"हे काय? काम कुणी केलं?"

"आम्ही. पण आम्ही शिकतोय ना, काका."

"मंग काय झालं? तास मोज. अर्धा दर लाव, शिकाऊ म्हनून. पन लिही."

मुलगा शून्य खोडतो. मुलगी विचारते, "तुमचा दर काय, काका?" काका सांगतात. ती त्याचे निम्मे करते, तासांनी गुणते, आणि आकडा लाकडाच्या किमतीहून मोठा निघतो. तो पाहून दोघंही परत पहिल्यापासून गुणाकार तपासायला लागतात. गुणाकार बरोबर असतो.