फुलाखालची चिठ्ठी

पावसाळा सरला की आमच्या शाळेत आठवीची मुले वनस्पतींची वही करतात. फुले-पाने जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, मग कागदावर चिकटवायची. कित्येक वर्षे आम्ही फक्त नीटनेटकेपणाला गुण देत आलो. गेल्या वर्षी कपाट आवरताना एक जुनी वही हाती लागली. त्यात एक सुंदर जांभळे रानफूल होते, पण ते कोठे आणि कधी मिळाले, याची एक ओळही नव्हती. चूक मुलाची नव्हती. आम्हीच कधी विचारले नव्हते.

शास्त्रज्ञ अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम 1906 पासूनचे आहे. तेथे वाळलेल्या रोपाइतकीच किंमत कागदाच्या कोपऱ्यातील चिठ्ठीला असते. रोपाचे नाव, गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव तिच्यावर लिहिलेले असते.

ही चिठ्ठी काय काम करते, ते शिंदळ माकुडीवरून कळते. जाड, रसाळ खोडाची ही वनस्पती उभ्या कड्यांवर उगवते. तिची पाने पावसाळ्यात येतात आणि कोरड्या दिवसांत गळतात. फूल तांबूस-जांभळे, त्यावर पिवळे ठिपके. निसर्गात ती फक्त महाराष्ट्रात आढळते. डालझेल या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1860 च्या दशकात तिची शास्त्रीय नोंद केली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. पुढे अभ्यासकांनी तिला दुसऱ्या जातकुळीत घातले, शास्त्रीय नाव बदलले. पण नमुन्याखालची जागा आणि तारीख बदलली नाही.

शिवनेरी, सज्जनगड, महाबळेश्वर अशा मोजक्याच ठिकाणच्या तिच्या नोंदी आहेत. जुनी नोंद हाती असेल, तरच अभ्यासक त्या कड्यावर जाऊन पाहू शकतो की रोप अजून आहे की नाहीसे झाले. जे होते असे कोणी लिहूनच ठेवले नाही, ते गेल्याचे कोणाला कळणार?

मात्र एक काळजी हवी. दुर्मीळ रोपाची नेमकी जागा चारचौघांत सांगू नये. हौसेपायी उपटून नेणारे टपलेले असतात. अशी नोंद ही अमानत आहे, ती योग्य हातीच द्यावी.

यंदापासून आमच्या शाळेत चिठ्ठीलाच निम्मे गुण आहेत. आपल्या घरातील मुलांनाही सांगा: रानातले रोप मुळासकट उपटू नका, फोटो काढा किंवा गळलेले पान घ्या. स्थानिक नाव नानी-दादीला विचारा. आणि गाव व तारीख त्याच दिवशी लिहा. उद्यावर टाकलेली तारीख विसरली जाते, हे आम्ही आमच्याच कपाटात पाहिले आहे.