ताप नाही, तरी पेशंट बिघडतोय? वॉर्डात सेप्सिस कसा ओळखतात

ऑपरेशन नीट झालं, ताप उतरला आणि तिसऱ्या दिवशी आजोबा असंबद्ध बोलायला लागले. घरचे म्हणतात, वय झालंय. पण हा सेप्सिसही असू शकतो.

न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, ऑपरेशनची जखम, लघवीची नळी, सलाईनची सुई... सुरुवात कुठूनही होते. जंतूंशी लढताना शरीराचा प्रतिसाद हाताबाहेर जातो आणि स्वतःच्याच किडनी, फुप्फुसं, मेंदूला इजा होऊ लागते. २०१७ साली जगात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण होते आणि त्यात १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज आहे.

एका टेस्टमध्ये कळत नाही का?

नाही. ब्लड कल्चरच्या रिपोर्टला एक-दोन दिवस लागतात, आणि सेप्सिस असूनही त्यात जंतू सापडतीलच असं नाही. लॅक्टेट वाढलेलं असेल तर धोका कळतो, पण निदान त्यावरच होत नाही. त्यामुळे भिस्त पलंगाला लावलेल्या चार्टवर.

श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, बोलण्यात गोंधळ. यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर धोका मोठा. मात्र यातून काही पेशंट सुटतात, म्हणून फक्त या तिघांवर विसंबू नका, असं २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. ब्रिटनमध्ये नाडी, ऑक्सिजन, तापमान वगैरे धरून सात गोष्टींना गुण देतात. बेरीज ५ झाली की तातडीने तपासणी. तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं तरी ती चांगली खूण नव्हे. सगळ्यात दुर्लक्ष होतं ते श्वास मोजण्याकडे. त्याला घड्याळ आणि पूर्ण एक मिनिट लागतं, एवढंच.

नातेवाइकांनी काय करायचं?

लंडनमध्ये २०२१ साली १३ वर्षांची मार्था मिल्स रुग्णालयात दाखल असताना सेप्सिसने गेली. आईने भीती बोलून दाखवली होती. वेळेत आयसीयूत हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असं अधिकृत चौकशीत नोंदवलं गेलं. २०२४ पासून इंग्लंडमधल्या रुग्णालयांत 'मार्थाचा नियम' येऊ लागला: शंका असेल तर घरचे थेट दुसऱ्या टीमला बोलावू शकतात.

आपल्याकडे 'बरं वाटत नाहीये' म्हणण्यापेक्षा नेमकं सांगा. रात्रीपासून लघवी झालेली नाही, हातपाय गार पडलेत, सकाळपासून ओळखत नाहीत. आणि सरळ विचारा, "डॉक्टर, हा सेप्सिस असू शकतो का?" सेप्सिसमुळे बीपी कोसळल्याची शंका असेल तर पहिलं अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं, कल्चरसाठीचं रक्त शक्यतो त्याआधी घेतात.