चिमटीत मावणारी एक पेशी

देवघरात वातींसाठी आणलेला कापूस असेल, तर त्यातला चिमूटभर घ्या. अलगद पिंजा आणि एकच तंतू ओढून काढा. अगदी एकच! काळ्या कागदावर ठेवा, म्हणजे नीट दिसेल. दिसला? हा तंतू म्हणजे एक पेशी आहे. पेशींची रांग नव्हे, पेशींचा दोर नव्हे, एकच पेशी!

पेशी बघायची तर सूक्ष्मदर्शक हवा, हे आपण शाळेत शिकतो आणि बहुतेक पेशींच्या बाबतीत ते खरंही आहे. कापसाची ही पेशी मात्र अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत लांब होते. जाडी म्हणाल, तर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी.

एवढी लांब ती होते कशी? कपाशीचं फूल उमललं, की त्याच सुमारास आतल्या बीजांडांच्या, म्हणजे पुढे ज्यांची सरकी होणार त्यांच्या, सालीवरच्या काही पेशी फुगून वर येतात आणि मग नुसत्या वाढत सुटतात. जवळजवळ तीन आठवडे हाच उद्योग! एकेका सरकीवर असे हजारो तंतू असतात. लांबी पुरी होत आली, की पेशी आपल्या भिंतीला आतून सेल्युलोजचे थर चढवायला लागते. थरावर थर, थरावर थर, थेट बोंड पिकेपर्यंत. बोंड फुटतं, ऊन-वारा लागतो, आतलं पाणी सुकतं आणि पेशी मरते. मागे उरते ती जवळजवळ फक्त तिची भिंत, म्हणजेच पेशीभित्तिका. सुकताना ती गोल नळी चपटी होते आणि तिला पीळ पडतात. सूत कातताना तंतू एकमेकांना धरून राहतात, ते या पिळांच्या मदतीने. म्हणजे तुमचा सुती सदरा चक्क पेशीभित्तिकांचा विणलेला आहे! मला तर याचं दर वेळी नव्याने नवल वाटतं.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूकने 1665 साली आपल्या पुस्तकात बुचाच्या पातळ कापाचं चित्र छापलं, त्यातही अशाच भिंती होत्या. बुचातल्या पेशी कधीच्याच मेलेल्या. हूकला दिसले ते त्यांचे रिकामे कप्पे.

पण पेशी जिवंत असताना या भिंतीचं काम काय? पेशीत साखर, क्षार असं बरंच काही विरघळलेलं असतं, त्यामुळे बाहेरचं पाणी सारखं आत शिरू पाहतं. पेशीचं पातळ पटल एकटं असतं, तर फुगून फुटलंच असतं. सायकलची ट्यूब टायरशिवाय भरत राहिलो, तर तिचं काय होईल? भिंत हा पेशीचा टायर. ट्यूब आतून रेटते, टायर बाहेरून आवरून धरतो, आणि चाक कडक होतं. पानातल्या पेशीत तर मोटारीच्या टायरपेक्षाही दुप्पट-तिप्पट दाब असू शकतो! मेथीच्या ताज्या जुडीचा ताठपणा या दाबाचा. पाणी उडून गेलं, की दाब उतरतो आणि जुडी मान टाकते.

हे स्वतः करून बघा. कच्च्या बटाट्याच्या बोटाएवढ्या दोन फोडी करा. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरी भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात. दोन-तीन तासांनी वाकवून बघा. साध्या पाण्यातली कडकन मोडेल. मिठातली मऊ पडलेली असेल, हवी तशी वाकेल. तिच्या भिंती जागेवरच आहेत. मिठाने आतलं पाणी बाहेर ओढून घेतलंय, एवढंच. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तेही असंच.

शेजारशेजारच्या दोन भिंतींना चिकटवून ठेवतं पेक्टीन. फळ पिकताना हे पेक्टीन विरघळायला लागतं, म्हणून पेरू मऊ होतो. पण त्याच पेरूच्या गरात दाताखाली रवाळ काहीतरी येतं ना? त्याही पेशीच. त्यांच्या भिंती लिग्निन नावाच्या पदार्थामुळे इतक्या जाड आणि टणक झालेल्या असतात, की आत जवळजवळ जागाच उरत नाही.

अळिंबीच्या पेशींनाही भिंत असते, पण तिच्यात कायटिन असतं. कोळंबीच्या टरफलातही कायटिन, आणि झुरळाच्या कवचातही! जिवाणूंची भिंत आणखी वेगळ्या पदार्थाची. त्याचं नाव पेप्टिडोग्लायकन. जिवाणू वाढतो, तेव्हा त्याला ही भिंत जागोजाग उसवून नवे टाके घालावे लागतात. अलेक्झांडर फ्लेमिंगला 1928 साली लंडनमध्ये एका बुरशीत सापडलेलं पेनिसिलिन नेमके हे टाकेच घालू देत नाही. उसवण चालूच राहते, पाणी आत घुसतं आणि जिवाणू फुटतो. त्याच्या काही वर्षं आधी फ्लेमिंगनेच आपल्या अश्रूंमधलं लायसोझाइम शोधलं होतं. तेही हीच भिंत कापतं. म्हणजे डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा जिवाणूंवर औषधच पडत असतं!

मग पेनिसिलिनने आपल्या पेशी का फुटत नाहीत? आपल्या पेशींना भिंतच नाही! त्याची किंमतही मोजावी लागते. शिरेतून सलाइन देतात, त्यात शंभर मिलिलिटरला 0.9 ग्रॅम मीठ असतं. नुसतं पाणी चढवलं, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुगून फुटतील. पण भिंत नाही म्हणूनच तुमच्या पांढऱ्या पेशी हवा तसा आकार बदलू शकतात. गुडघा खरचटला, की रक्तवाहिनीच्या बारीकशा फटीतून अंग चोरून त्या बाहेर पडतात, जखमेत शिरलेल्या जिवाणूपर्यंत सरपटत जातात आणि त्याला त्याच्या भिंतीसकट गिळून टाकतात.